घोडीचं डोहाळजेवण

माझं माहेर पेणच्या खाडीकाठी, मिठागरात राबणाऱ्यांचं. जनावर म्हणून माझ्या ओळखीची होती एक शेळी आणि शेजारणीची बदकं. पण रोह्याजवळच्या अष्टमी गावात टांगेवाल्याच्या घरी सून म्हणून आले आणि आठवड्याभरात मला घोड्यांतलं सगळं कळायला लागलं. अठराव्या वर्षी माणसाला सगळंच कळतं. पुढे ते हळूहळू कमी होत जातं.

तेव्हा रोह्याला आगगाडी अजून यायची होती. पावसाळ्यात रस्त्यांचा चिखल झाला की सासरे टांगा पडवीत लावत आणि घोडीला गावामागच्या माळावर सोडून देत. चार महिने, दिवसरात्र. दाणा नाही, कोंडा नाही, नुसतं गवत. मला वाटलं, काय कंजूष घरात पडले मी! नवरा मुंबईला नोकरीला, त्यामुळे माझी माया नुसती साठून राहिलेली. ती सगळी घोडीवर ओतली.

त्या वर्षी सासरे भातलावणीला भावाच्या गावी गेले. जाताना सासूबाईंना बजावून गेले, "घोडीला कायपण घालू नका. माळ पुरे तिला." मी दाराआडून ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी भिजवलेले वाल घेऊन माळावर हजर झाले. मग कण्या, मग गूळ. माझ्या बांगड्या वाजल्या की घोडी धावत यायची. पुढे पुढे ती नुसती चालत यायला लागली. पोट दोन्ही बाजूंनी सुटलं. मंद चाल, गोडाची हाव, गोल पोट! मी पळत घरी आले.

"आई, घोडी गरवार हाय!"

"अगो, तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणत सासूबाई आल्या. कमरेवर हात ठेवून घोडीभोवती एक फेरी मारली आणि त्यांचा चेहराच उतरला. "व्हय गो! आन् म्हाताऱ्यानं मला सांगितलंसुदीक नाय!"

त्या रागातच त्यांनी डोहाळजेवण ठरवलं.

आळीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. कुणी करंज्या आणल्या, कुणी नाचणीचे लाडू. घोडीच्या कपाळाला हळदकुंकू, कानामागे जास्वंद, पाठीवर हिरवा खण. ओटी कुठे भरायची यावर वाद झाला. शेवटी नारळ फडक्यात बांधून गळ्यात अडकवला. मग झाकलेल्या दोन वाट्या पुढे ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. घोडीनं दोन्ही वाट्या उलथून दोन्ही खाल्लं. आम्ही जुळी ठरवली. त्यानंतर रोज कुणी ना कुणी घोडीला घरी बोलावून दारात खाऊ घालू लागलं.

सासरे परतले तेव्हा घोडी आमच्या अंगणात पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती. पाऊल उचलेना. त्यांनी खुराला हात लावला.

"भाजतोय," ते म्हणाले. "काय घातलंत हिला?"

मी मान वर करून म्हणाले, "दोन जिवांची हाय ती, मामा!"

"घोडा कुठनं आला गो? साऱ्या अष्टमीत घोडा हाय कुठे?"

दिवस राहायला घोडा लागतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सासूबाई हळूच स्वयंपाकघरात गेल्या.

"काही जनावरं गवतावरच लठ्ठ होतात," सासरे म्हणाले. "त्यात तुमचा गूळ. तो खुरात उतरलाय. खुरातलं हाड फिरलं तर ही पुन्यांदा टांग्याला लागायची नाय." त्यांचा आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं. तो उतरला.

मग रोज सकाळ-संध्याकाळ मी घोडीला धरून घरामागच्या कुंडलिका नदीच्या गार पाण्यात उभी. गोठ्यात तिला जुनं वाळकं गवत, तेही भिजवून, मोजकं. पाऊल पडायला लागल्यावर थोडा वेळ माळ. पण मळणीला बैलांना बांधतात तशी काथ्याची मुसकी तोंडाला. सासऱ्यांनी तिला खाली एवढंसं भोक पाडलं, त्यातून दोन-चार काड्या निघायच्या. घोडी मुसकीतून माझ्याकडे अशी बघायची की मी तिच्यापुढे जेवायचं सोडलं.

दसरा झाल्यावर टांगा जुंपला. एसटी गाठायची घाई असलेली दोन माणसं मागे, सासरे पुढे, आणि शिक्षा म्हणून त्यांच्या शेजारी मी. घोडी निघाली आणि पहिल्याच दारात थांबली. करंज्यांचं दार. मी उतरून सांगितलं, "काकू, काय देऊ नका." पुढे लाडवांचं दार. पुढे पुरणाचं. एकही दार ती विसरली नव्हती. मागची माणसं ओरडत होती, दारादारांतून बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या, आणि एसटी आमच्या डोळ्यांदेखत गेली.

सासऱ्यांनी मात्र एसटीकडे पाहिलंही नाही. वाकून घोडीचे पुढचे पाय बघत होते. टप टप, पुरं पाऊल टेकत होती. मग माझ्याकडे न बघताच पुटपुटले, "म्हणे जुळी!" आणि टांगा हलेल इतके हसायला लागले.