मूर्तीला दोर नको म्हणाले

जय भीम मंडळी. आजचंच घडलेलं लिहितो.

माझा छोटा पिकअप आहे. आज सकाळी उल्हासनगर कॅम्प एकमधून खरवईच्या नव्या विहारात बुद्धमूर्ती न्यायची होती. काळा दगड, सहा जणांनी उचलून गाडीत ठेवली. मी दोर काढला, तर आमच्या गल्लीतले बाबूकाका म्हणाले, "अरे, बुद्धांना काय दोरानं बांधतोस? मी धरून बसतो."

सगळ्यांना पटलं. काका मूर्तीला हाताचा वेढा घालून शेजारी बसले.

अंबरनाथच्या पुढे एक स्कूटी अचानक आडवी आली. गाडी जेमतेम तीसच्या स्पीडला होती, पण ब्रेक दाबल्यावर मूर्ती सरकली. काकांचा हात दगड आणि केबिनच्या पत्र्यात सापडला.

मूर्तीला साधा ओरखडा नाही. काकांची दोन बोटं गेली.

त्यांना रिक्षात बसवलं, तेव्हा त्यांनीच खांद्यावरची चादर दिली. "ही घाल वरून, आणि बांध." मी चादर घातली आणि दोर खाली, आसनाभोवती आवळला. मूर्तीच्या अंगाला तो लागलासुद्धा नाही. हे सकाळीही जमलं असतं.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो. काका म्हणाले, "तू बांधत होतास, मीच अडवलं. मनाला लावून घेऊ नको."

पण सकाळी ते दोर नको म्हणाले तेव्हा मला बरंच वाटलं होतं, बांधायची दहा मिनिटं वाचली म्हणून.

हे काकांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. तुम्ही सांगितलं असतं का?