आईने बंद केलेलं बटन

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मित्रांना नाही, ऑफिसात नाही, दारू चढली तेव्हासुद्धा नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, ती आत्ता माझ्यापासून हाकेच्या अंतरावर खाटेवर पडली आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

लालबागला आमची चाळीतली खोली. मी आणि आई, दोघंच. माझं लग्न का झालं नाही, हा विषय इथे नको. आईची एक सवय आहे — होती, म्हणायला हवं — बटनं बंद करायची. कोणी उठलं की पंख्याचं बटन बंद. मोबाइल चार्ज झाला न झाला, बटन बंद. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा बिलाच्या धास्तीने लागलेली ही सवय, बाबा गेल्यावरही सुटली नाही. मी किती वेळा खेकसलोय तिच्यावर! एक फ्रिज तेवढा तिच्या तावडीतून सुटायचा.

तिची थोरली बहीण, आक्का मावशी, गावाला असायची, मालवणकडे. मावशीला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. आता वाचा गेलेल्या माणसाशी फोनवर काय बोलणार? म्हणून मी आईला एक टॅब आणून दिला. सिमकार्ड नाही, नुसता वायफायवर चालणारा. रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की तिकडे मावशीची सून मोबाइल धरायची आणि इकडे आई सुटायची — आज बांगडे बरे होते, खालच्या मजल्यावरची सून बाळंत झाली, गुडघा ठणकतोय. मावशी नुसती बघायची. कधी डोळे मिटून उघडायची. आई म्हणायची, आक्का हसली. मला काही हसलेलं दिसायचं नाही, पण आईला दिसायचं.

राउटर दाराजवळ, आईची खाट आत, मध्ये लोखंडी कपाट. मावशीचा चेहरा मधेच अडकायचा, चौकोन चौकोन व्हायचा. एका रविवारी मी ठरवलं, राउटरमधला कंपनीचा प्रोग्रॅम काढायचा आणि बाहेरचा घालायचा. फर्मवेअर म्हणतात त्याला; हौशी लोकांनी बनवलेलं इंटरनेटवर फुकट मिळतं. त्याने रेंज वाढते असं वाचलं होतं. आईसाठी केलं असं म्हणायला बरं वाटतं. पण खरं सांगू? हौस होती. चाळीत कोणाचंही वायफाय बिघडलं की मला हाक यायची, ते डोक्यात गेलं होतं.

आईला बजावलं, हे होईपर्यंत त्या बटनाला हात लावायचा नाही, मधेच लाइट गेली तर राउटर कायमचा जाईल. "नाय रे बाबा, मी कशाक हात लावतंय," ती म्हणाली.

फाइल चढवली. दिवे लुकलुकले, मग सगळे विझले आणि एकच लाल दिवा उरला. थांबलो. बराच वेळ थांबलो. काही नाही. खोलीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून आता काय करायचं ते शोधायला गॅलरीत गेलो. परत आलो, तर आई मोरीतून येऊन पदराला हात पुसत उभी, आणि राउटरचं बटन — बंद.

सवयीचा हात. तिला कळलंसुद्धा नव्हतं.

मी ओरडलो. "केलंस ना बंद! मेला तो आता! सांगितलं होतं ना तुला?" शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असा ओरडलो. आई खाटेवर बसली ती उठेचना.

पण तो आधीच मेला होता. आणि हे मला ओरडतानाच ठाऊक होतं — नीट ऐका, ओरडतानाच. रागात बोललो आणि मागाहून कळलं, असं काही नाही. चुकीची फाइल गेली की राउटर मरतो आणि असा एकटा लाल दिवा उरतो; तो माझ्या डोळ्यांनी बघूनच मी गॅलरीत गेलो होतो. संध्याकाळी राउटर उलटा केला, तर खालच्या स्टिकरवर मॉडेल तेच, व्हर्जन वेगळं. मी दुसऱ्याच व्हर्जनची फाइल चढवली होती. आधी स्टिकर वाचा, हे लोकांना मीच शिकवायचो.

मग दुरुस्तीचा खटाटोप. रिसेटच्या भोकात पिन दाबून धरायची, तशीच धरून बटन चालू करायचं, लॅपटॉपला वायर जोडून राउटर काही उत्तर देतो का बघायचं. ऑफिसातून आलो की रोज तेच. आई शेजारी बसून असायची. "झाला काय रे?" मग हळूच, "तुझ्या मोबाइलवरसून आक्का दिसात काय?"

दिसली असती. आईचा हात धरून गॅलरीत न्यायचं आणि माझा मोबाइल तिच्या हातात द्यायचा, एवढंच. मी म्हणालो, थांब गं, होईल आता. टॅब घेऊन शेजारी जाते म्हणाली, तर म्हटलं, लोकांकडे कशाला तोंड वेंगाडतेस? का वागलो असा? मोबाइल दिला असता तर मी हरलो असं झालं असतं? की तिला थोडी शिक्षा होऊ दे, असं वाटलं — मीच रचलेल्या गुन्ह्याची? अजून नक्की सांगता येत नाही. सुचतात ती सगळी कारणं वाईटच आहेत.

त्याच आठवड्यात मावशी गेली. सून फोनवर रडत म्हणाली, दिवेलागण झाली की सासूबाई मोबाइलकडे बघत राहायच्या.

गावाला बाराव्याला आई आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत होती, "माका आक्काक शेवटचा बघूक गावला नाय. ह्यो माझो मेलो हात. मीच बटन बंद केलंय." बायका तिची समजूत घालत होत्या. मी तिथेच पत्रावळी मांडत होतो, सगळं ऐकत. एक वाक्य बोलायचं होतं. पत्रावळी मांडून झाल्या, तर मी त्या पुन्हा सरळ करत बसलो.

मुंबईला आल्यावर राउटर चालू झाला. पिन दाबली, कंपनीचा जुना प्रोग्रॅम आत गेला, हिरवा दिवा लागला. आईने तो बघितला आणि टॅब ट्रंकेत ठेवून दिला.

याला आता वर्षं झाली. तेव्हापासून आईने घरातल्या एकाही बटनाला हात लावलेला नाही. मी ऑफिसात असलो की ऐन मे महिन्यात बंद पंख्याखाली बसते. अंधार पडला तरी बसून राहते. शेजारीण डोकावली तर तिला लावायला सांगते. मी चिडलो की म्हणते, "माझो हात बरो नाय रे." चिडतो मी — अजूनही!

गेल्या महिन्यात तिच्या पायांना तेल चोळत होतो. एकदम म्हणाली, "तू माका परत कधी बोललंस नाय हां त्या राउटरावरून. दुसरो असतो तर जल्मभर बोलान दाखवल्यान असता. मन मोठा तुझा." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तोच हात.

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी. आणि बाहेर काय पडलं? "जाऊ दे गं आई. चुकतं माणूस."

मी तिला माफ केलं. कळतंय ना तुम्हाला? चूक माझी, आणि मी तिला माफ केलं. आणि तिने डोळ्यांना पदर लावून ती माफी घेतली.

आता उकडायला लागलंय. ती जागी झाली वाटतं. "बाबू, पंखो लाव रे."

बटन तिच्या उशाशीच आहे, नुसता हात वर केला तरी पोचेल. मी उठतो आणि लावतो.