आईच्या खोलीला दोन टन

माणूस घर सोडतो, पण घराची ऊब त्याला सोडत नाही. हे वाक्य आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं. मी कॅनडाला निघालो तेव्हा खाली टॅक्सी उभी होती, आईने हातावर दही ठेवलं होतं, धाकटा भाऊ मंदार बॅगा चढवत होता आणि सेक्रेटरी नारळ धरून बोलत होते. मला भरूनही आलं. पुढे तिकडे माझं कामच ऊब मोजण्याचं निघालं. ऊब सोडते. खिडकीच्या फटीतून आणि छतातून, अगदी नियमितपणे.

इथे घर बांधताना हीटर आणि एसी केवढा हवा याचा हिशोब द्यावा लागतो: भिंतीत काय भरलंय, काचा कुठल्या दिशेला, आत माणसं किती. तो मी करतो. गरजेपेक्षा मोठं मशीन नियमात बसत नाही. ते खोली झटक्यात गार करून थांबतं आणि दमटपणा तसाच राहतो.

आपल्याकडे हा हिशोब शेजाऱ्याला विचारून होतो. मंदारने ठाण्यात फ्लॅट घेतला, आईला तिकडे नेलं आणि मला फोन केला. "वरच्यांनी दीड टन लावलाय. मी आईच्या खोलीत दोन लावला."

"अरे, एवढीशी खोली. एक टन पुष्कळ झाला."

"दादा, तुझ्याकडे नियम आहेत. माझ्याकडे आई आहे. तिला उकडून चालणार नाही."

तो सहज बोलला. मला अजून बोचतं.

व्हिडिओ कॉलवर आई भर मे महिन्यात गोधडीत, कानटोपी घालून बसलेली दिसते. चादर ओलसर लागते म्हणते. मी म्हणतो, मग बंद कर ना. "नको रे, हौसेने लावलाय त्याने. वाईट वाटेल." माझ्यासाठी ती अशी कधी कुडकुडलेली नाही.

मी घर बांधलं तेव्हा खालची खोली तिच्यासाठी ठेवली. तिची प्रत्येक भिंत स्वतः मोजली. आई एक हिवाळा राहिली. बाहेर बर्फ, आत ना उकाडा ना गारठा. निघताना म्हणाली, "छान आहे तुझं घर. काही जाणवतच नाही." आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. ती ठाण्याला परत गेली.

तिकडे राहिलेले तुम्ही विचारता, आता घर कुठलं? माझ्यासारखे निघून आलेले विचारत नाहीत. मला वाटतं, आपल्या हौसेपायी कुणी मुकाट्याने गारठत बसतं, ते घर. म्हणजे ते मंदारला मिळालं.

नियमाचं मत वेगळं आहे. इथे आम्ही नवरा-बायको दोघंच. पण हिशोबात माणसं धरताना कोण राहतं ते विचारत नाहीत, झोपायच्या खोल्या मोजतात, आईची खालची खोली धरून. त्यामुळे आई माझ्याकडे राहते, आणि तिच्या अंगाच्या उबेपुरता माझा एसी मोठा आहे. इन्स्पेक्टरने तो तपासून मंजूर केलाय.