ते दहा आकडे माझे होते

दिलीपभाऊ गेले, आणि माझा त्यांच्यावरचा राग आजही तेवढाच आहे.

सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला एकच व्हिडिओ फिरतोय. दहा ते एक, निळ्यावर पिवळे आकडे.
खाली कॅप्शन : 'भाऊंचा मास्टरपीस.'

तो काउंटडाउन भाऊंनी केलेला नाही. मी केलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जळगावला भाऊंचा व्हिडिओ स्टुडिओ होता. मी असोद्याहून बसने यायचे, चार वर्षं तिथे एडिटर होते.
सॉफ्टवेअर त्यांनीच शिकवलं. ते नाकारत नाही.

पारोळ्याच्या एका शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. भर दुपारी, उघड्या मैदानावर. पाहुण्यांनी बटण दाबायचं, एलईडी स्क्रीनवर उलटे आकडे, प्रत्येक आकड्याला व्हिडिओतलाच ढोलाचा ठोका, मग शाळेचं बोधचिन्ह.

भाऊंनी जुनंच टेम्प्लेट दिलं. केशरीवर पांढरे आकडे.
"नाव बदल अन् पाठवून दे."

मी आदल्या दुपारी मैदानावर ते लावून पाहिलं.
लॅपटॉपवर झकास दिसणारा केशरी उन्हात पार फिका पडला. पांढरे आकडे दिसेचनात. ढोलाचा ठोका आधी पडायचा, आकडा मागून यायचा. स्क्रीनवर चित्र पोचायलाच उशीर होत होता.

मंडपात बसून रंग बदलत राहिले. शेवटी गडद निळा, त्यावर हळदीसारखा पिवळा.
मग प्रत्येक आकडा तीन फ्रेम आधी ओढला. म्हणजे सेकंदाचा जेमतेम आठवा भाग.
मैदानाच्या टोकाला जाऊन पाहिलं. ठोका आणि आकडा एकदम पडले. अंगावर काटा आला.

भाऊंना फोन केला. ते हसले.
"तीन फ्रेम कोणाला दिसतात गं? टाइमपास करू नको."

दुसऱ्या दिवशी अख्खं मैदान ओरडत होतं. पाच! चार! तीन!

अध्यक्षांनी भाऊंना स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ. भाऊंनी माईक घेतला.
"सर, हा सगळा तीन फ्रेमचा खेळ असतो. उन्हात रंग कसा दिसेल, ते अनुभवानेच कळतं."

मी खाली लॅपटॉपजवळ उभी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

परतताना गाडीत विचारलं, "भाऊ, माझं नाव का नाही घेतलं?"
"स्टुडिओचं नाव झालं ना? तू काय वेगळी आहेस का?"

महिन्याभरात नोकरी सोडली. भुसावळला एका ठिकाणी मुलाखतीत तोच व्हिडिओ दाखवला.
समोरचा म्हणाला, "हे तर दिलीपभाऊंचं काम. खोटं कशाला बोलता, मॅडम?"

खोटं. मी.

तरी आज त्यांच्या घरी गेले. वहिनींनी हात धरला.
"बाई, त्या आकडा तूच करेल शेत ना? यास्नी माले तवयच सांगेल व्हतं. पोरगीनी कमाल करी, म्हने."

म्हणजे आकडे मीच केले, पोरीने कमाल केली, हे भाऊंनी तेव्हाच सांगितलं होतं. त्यांना सगळं कबूल होतं. घरात, बायकोजवळ. चारचौघांत नाही.

हे ऐकून राग जायला हवा होता. उलट वाढला.
वहिनींना काही बोलले नाही. त्यांचा काय दोष?

पण इथे बोलतेय. व्हिडिओ शेअर करताय ना, मग त्याखाली माझं नाव लिहा : वैशाली.

भाऊ, तुम्हाला शेवटचा नमस्कार करून आले.
माफ केलेलं नाही.