माग कोण पुसतंय

माझ्या वहिनीचा जगावर विश्वास नाही. जगाने तिचं काही वाकडं केलेलं नाही, हे मी नणंद असून सांगते. तेलाच्या बाटलीवर ती पेनाने रेघ मारून ठेवते. दादा आंघोळीला गेला की त्याचा फोन बघते आणि त्यात काही सापडलं नाही की जास्तच काळजीत पडते. "काहीच नाही म्हणजे पुसलंय," म्हणते. दादा म्हणतो, "अगं, एखादं लफडं करू दे मला, तुझा जीव तरी भांड्यात पडेल." ती हसत नाही.

अशा बाईला नोकरीही साजेशी मिळाली. आमची कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबचं काम बघते. लॅबमधला रिपोर्ट आमच्या सर्व्हरवर येतो आणि तिथून डॉक्टरांकडे जातो. सर्व्हर दिवसभर जे जे करतो ते एकेका ओळीत लिहीत जातो. तो लॉग. तो डोळ्यांत तेल घालून वाचायचं काम वहिनीचं. मी शेजारच्या टेबलावर डॉक्टरांचे फोन घेते, म्हणजे बोलणी खाते. ही नोकरी मला तिनेच लावली, त्यामुळे तक्रारीलाही जागा नाही.

सर्व्हरमध्ये काही बिघडलं की तो लॉगमध्ये काय चूक झाली तिचं नाव लिहितो आणि त्याखाली लांबलचक उतरंड लिहितो: कुठल्या ओळीवर अडलं, त्या ओळीला कोणी बोलावलं, त्याला आणखी कोणी. बाकीचे त्याला स्टॅक ट्रेस म्हणतात, वहिनी माग म्हणते. माग वाचताना तिचा चेहरा बघावा. लग्नातल्या फोटोतसुद्धा ती इतकी खूश दिसत नाही.

तर झालं असं, की नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे रिपोर्ट डॉक्टरांना मिळेनात. लॅबमध्ये तपासणी होत होती, आमच्याकडे येऊन रिपोर्ट अडकत होता. मी फोनवर एकेका बाळाचे आकडे वाचून दाखवत होते आणि घसा बसवून घेत होते. वहिनीने लॉग उघडला. चूक होती, पानंच्या पानं तीच चूक. पण एकीच्याही खाली माग नव्हता. नुसतं नाव, पुढे काही नाही.

"कोणीतरी माग पुसतंय," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली.

"जुना लॉग बघ ना."

"भरला की जुना आपोआप उडतो. ते ज्याला माहीत आहे, त्याचंच हे काम."

आणि तिने मान न वळवता खिडकीकडे डोळे नेले. तिथे मौनीबाबा बसायचा. हे आम्ही ठेवलेलं नाव. नवा होता, प्रोग्रॅम लिहायचा, अजून कायम झालेला नव्हता. काहीही विचारलं तरी 'हं' म्हणायचा. जवळ कोणी गेलं की स्क्रीनवरची खिडकी मिटायचा. मला विचाराल तर तो लाजाळू होता. वहिनीला विचाराल तर तिथे पाणी मुरत होतं.

तिने खोदकाम सुरू केलं आणि तिला हवं ते सापडलं. मौनीबाबा रोज सकाळी, बाकीचे यायच्या आत, कोणाला न सांगता सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करत होता. वहिनी तडक साहेबांकडे गेली. साहेबांना हॉस्पिटलवाल्यांनी आधीच धारेवर धरलं होतं, त्यांनाही खापर फोडायला एक डोकं हवंच होतं. मौनीबाबाला आत बोलावलं. काचेचं दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"सर्व्हर का बंद करत होतास?"

"माग बघायला."

"बघायला की पुसायला?" हे वहिनी.

त्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मला तेव्हा त्याचा भयंकर राग आला. अरे बाबा, बोल ना काहीतरी! पण नाही. "अजून एकदा बघावं लागेल," एवढंच पुटपुटला. त्याच संध्याकाळी त्याने खुर्चीवरची स्वतःची उशी काखेत मारली आणि तो गेला. नोकरी लागली म्हणून त्याने नुकतंच आईला गावाहून आणलं होतं, हे आम्हाला तो गेल्यावर कळलं.

वहिनीने मग साहेबांना पटवून सर्व्हरच्या सगळ्यांच्या चाव्या, म्हणजे आत शिरायचे पासवर्ड, काढून घेतल्या. प्रोग्रॅमवाल्यांच्या घेतल्या, साहेबांची घेतली, मला नुसतं बघायची परवानगी होती तीही गेली. चावी उरली एकट्या वहिनीकडे. आणि लॉगमध्ये चुका तशाच, माग नाहीच.

ती माझ्याकडे बघायला लागली. "माझ्या टेबलाला हात लावलास का गं?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे तूच गावभर सांगतेस ना?" मी चांगलीच तडकले. त्या दिवशी आम्ही डबेसुद्धा वेगवेगळे खाल्ले.

एके दुपारी वीज गेली. बॅटरीनेही मान टाकली आणि सर्व्हर आपोआप बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा वहिनी पहिल्या ओळीपासून समोर बसली. चूक आली. चुकीखाली अख्खा माग! तिने मला ओढतच नेलं.

"हे बघ, इथे अडतंय. बाळाचं नाव वाचताना. बाळाला अजून नावच नाही, ती जागा रिकामी, आणि हा गाढव रिकाम्या जागेतून नाव काढायला जातो."

अडकलेला रिपोर्ट सर्व्हर सोडून देत नाही, पुन्हा पुन्हा पाठवून बघतो. प्रत्येक वेळी तीच चूक, तोच माग. ओळी झरझर वर सरकत होत्या. वहिनीचे हात मांडीवर होते. आणि आमच्या दोघींच्या डोळ्यांदेखत माग यायचा थांबला. नुसती चूक, पुन्हा नुसती चूक. कोणी कशाला हात लावला नव्हता. चावी तिच्याकडे, आणि ती माझ्या शेजारी. संशय घ्यायला माणूसच उरलं नव्हतं.

मग तिने पहिल्यांदा सर्व्हरची माहितीपुस्तिका उघडून वाचली. एकच चूक फार वेळा झाली की यंत्र आपले कष्ट वाचवायला तिचा माग लिहिणं बंद करतं. बंद करून पुन्हा चालू केलं की सुरुवातीचे काही माग परत लिहितं. हे पहिल्यापासून असंच होतं. माग बघायचा तर सर्व्हर बंद करून चालू करणं हाच एक रस्ता होता, आणि तो माणूस सकाळी लवकर येऊन तेच करत होता. वहिनी येईपर्यंत लॉग भरून ते माग उडालेले असायचे.

वहिनीने ते पान मिटलं. मग म्हणाली, "त्याने सांगितलं होतं."

चूक दुरुस्त झाली, बाळांचे रिपोर्ट जायला लागले. वहिनीने साहेबांसमोर सगळं कबूल केलं आणि मौनीबाबाला परत घ्यायचं वचन त्यांच्याकडून घेतलं. मग मला सोबत घेऊन त्याच्या घरी गेली.

दार त्यानेच उघडलं. आतून म्हातारीचा आवाज आला, "कोण रे? ऑफिसातले का? बोलावलं का परत?"

"हो, बोलावलंय," तो मागे न बघता म्हणाला. आम्ही तर अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"चूक माझी होती," वहिनी म्हणाली. "मी उगाच तुमच्यावर आळ घेतला. साहेब तयार आहेत. उद्यापासून या."

"मॅडम, तुम्ही मला आधी विचारलं असतं, तर मी तिथल्या तिथे दाखवलं असतं."

"मग आता दाखवा."

त्याला मी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "एक विचारू? मी आलो, आणि पुढे काही मोडलं, तर तुम्ही आधी कोणाकडे बघाल?"

नाही म्हण, मी मनात म्हणत होते. कोणाकडेच नाही म्हण. आत म्हातारी आशेने ऐकतेय.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्याकडे," ती म्हणाली.

त्याने नकाराची मान हलवली, रागाने नाही. दार हळूच लावून घेतलं.

जिना उतरताना तिने माझा दंड घट्ट धरला होता. "खोटं बोलायला हवं होतं का गं?"

"हो," मी म्हणाले.