गादीत शिवलेला अर्ज

पेणच्या वाचनालयाच्या फळ्यावर कागद लागला होता: ‘मानवी हक्क आणि कविता. तीन दिवसांचं शिबिर, कर्जतजवळ कोंडाण्याच्या वाटेवरच्या गावी. वयाची व शिक्षणाची अट नाही.’ शेवटची ओळ मी तीनदा वाचली. माझं वय अडुसष्ट, शिक्षण चौथीपर्यंत. जन्मभर शिंपीकाम केलं आणि मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर चार-चार ओळी जुळवत राहिलो. जावंसं वाटलं. पण पाणी बाधलं तर? पोलीस आले तर? सगळ्यांपुढे कविता म्हणायला लावली तर?

“जा हो एकदाचे,” बायको म्हणाली. “इथे बसून तरी काय, स्टोव्ह विझवलास का, एवढंच सतरांदा विचारता.”

पिशवीत दोन जोड, मफलर, पोटाची औषधं, डिसेंबर असूनही छत्री आणि सुईदोऱ्याची डबी घेतली. पेणहून खोपोलीची पहिली एसटी धरावी, बसायला जागा मिळते. खालापूर तालुक्यात शिरलं की दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं आणि त्यांत पेरलेले हिरवेगार वाल. खोपोलीला चहा प्यावा. पुढची गाडी कर्जतची. पळसदरीच्या बाजूला उजवीकडची खिडकी बरी म्हणतात. मी डावीकडे बसलो होतो, पिशवी पायांत धरून. कर्जतला गरम बटाटावडा खाल्ला आणि दिवसभर पोटाकडे लक्ष ठेवलं. काही झालं नाही.

शिबिर शाळेत होतं. आम्ही पंधराजण, बरेचसे कॉलेजचे, शिवाय गावातल्या काही बाया. शिकवायला ठाण्याच्या वकील शोभाताई. सकाळी एक हक्क समजून घ्यायचा आणि दुपारी त्यावर कविता करायची, अशी रीत. “हक्क मागताना आवाज चढवायचा नाही,” त्या म्हणाल्या, “नेमका लावायचा.”

पहिल्या दुपारी एका तरुणानं मूठ वळून कविता म्हटली, ‘हे माणसा, जागा हो!’

मागून एक म्हातारी बोलली, “कोनाला उठवतोस रं बाबा? आमी चारलाच उठतो.”

ही हौसाकाकू, गावची धवळारीण. या भागात लग्नात हळद, मांडव, पाठवणी अशा प्रत्येक विधीला धवळे गायला बाई बोलावतात. तिचा धवळा चालू असताना नवऱ्याच्या बापानंही मध्ये बोलायचं नाही, संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. हौसाकाकूला अक्षर येत नाही, पण सगळं पाठ.

तिचं दुखणं मात्र ताजं होतं. गावच्या विहिरीची पाऊलवाट एका विकलेल्या जमिनीतून जाते. नव्या मालकानं दिवाळीनंतर काटेरी तार ओढली. आता बाया ओढ्याला वळसा घालून पाणी आणतात. हौसाकाकूची सून सातव्या महिन्यात होती, आदल्या आठवड्यात हंड्यासकट घसरली. “पोर वाचलं,” काकू म्हणाली. “दर टायमाला वाचंल का?”

शोभाताईंनी ‘वहिवाट’ समजावली: पिढ्यानपिढ्या वापरातली वाट कोणालाही अशी अडवता येत नाही, मामलेदाराकडे दाद मागता येते. दुसऱ्या सकाळी आम्ही कोंडाण्याची लेणी पाहून आलो (चढ सोपा, पण वहाणेला पकड हवी) आणि दुपारी सगळ्यांनी मिळून अर्ज लिहिला. खाली गावातल्या बायांचे बत्तीस अंगठे. “आजोबा, तुम्ही सांभाळा,” शोभाताई म्हणाल्या. “तुमच्याइतकं जपून कोणी राहत नाही.”

झालं. पिशवीत ठेवला तर पिशवी हरवेल, खिशात ठेवला तर घामानं अंगठ्यांची शाई फुटेल. दिवेलागणीला बाहेर पोपटी लावली होती, मडक्यात वालाच्या शेंगा भाजत होत्या. मी आत बसून माझ्या गादीची शिवण उसवली, अर्ज आत सारला आणि बारीक टाके घालून पुन्हा शिवली. मग निवांत शेंगा खाल्ल्या. असा वास आणि अशी चव पेणलाही नाही.

तिसऱ्या दिवशी अर्ज द्यायला सगळ्यांनी मिळून नऊच्या एसटीनं कर्जतला जायचं होतं. चुकेल म्हणून मी सातलाच फाट्यावर जाऊन उभा राहिलो.

कर्जतला मामलेदार कचेरीच्या पायरीवर शोभाताईंनी हात पुढे केला. “द्या आजोबा.”

मी पिशवीत हात घातला आणि आठवलं, अर्ज गादीतच राहिला. गाद्या भाड्याच्या होत्या. मंडपवाल्याचा टेंपो सकाळीच येऊन त्या घेऊन गेला होता.

“शिवलात?” सगळं ऐकून शोभाताई म्हणाल्या. “गादीत?”

“पक्का शिवलाय,” मी म्हणालो. दुसरं काय बोलणार!

आतले एक कारकून म्हणाले, “लेखी अर्जाशिवाय काही होणार नाही. साहेब तासाभरात दौऱ्यावर निघतील.”

हौसाकाकू टेबलापुढे जाऊन उभी राहिली. “मंग लिव. मी सांगते.” आणि पदर सावरून तिनं सूर लावला:

“पयली गं पाऊलवाट सासूनं दावली,
दुसरी गं पाऊलवाट सून मी चालली,
तिसऱ्या गं पावलाला तार आडवी आली…”

“अहो काकू, कचेरी आहे ही…”

“धवळ्यात बोलतोस?” ती थांबून म्हणाली. “तुला हळद लागली तवा मीच गायलेय रं. तवा कसा गप बसला हुतास!”

सगळी कचेरी हसली. कारकून लाजले, त्यांनी कागद ओढला आणि ते लिहू लागले. काकूनं सगळं गायलं: तार कधी आली, खांब किती, ओढा कुठं, सून कुठं घसरली. मागे बायांनी ओळ धरली. साहेब दारात येऊन उभे राहिले आणि संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, “दौरा त्याच बाजूला आहे. वाट बघूनच पुढे जाऊ.” नव्या कागदावर जमलेल्या बायांनी अंगठे उठवले.

कर्जतच्या स्टँडवर खोपोलीच्या गाडीची वाट बघत मी तोंड चुकवून बसलो होतो. पलीकडच्या बाकावरून शोभाताई म्हणाल्या, “आजोबा, गादीतला अर्ज आपण नुसता देऊन आलो असतो.”

घरी आल्यावर महिनाभर काळजी केली. मग शोभाताईंचं पाकीट आलं. साहेबांनी दोन खांब काढायला लावले. वाट मोकळी झाली आणि पहिला हंडा हौसाकाकूनं स्वतः आणला. सुनेला मुलगी झाली. पाकिटात आमचा जुना अर्जही होता. गाद्या पिंजताना मंडपवाल्याला सापडला. टाके उसवता उसवेनात, असा त्याचा निरोप होता.

तो अर्ज मी कधीकधी काढून वाचतो. अक्षर सुबक आहे, कलमं बरोबर आहेत, पण त्यातून काकूचा सूर ऐकू येत नाही. म्हणून आता चार ओळी जुळल्या की वही मिटून ठेवत नाही, मोठ्यानं म्हणतो. परवा बायको म्हणाली, “थांबा, पुन्हा म्हणा.” म्हटलं. तिनं आणखी एकदा म्हणायला लावलं. स्टोव्हचं विचारायचं राहूनच गेलं, आणि सगळं दूध उतू गेलं.