वहिनी माफी मागत फिरते

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बोरिवलीपासून वांद्र्यापर्यंतच्या समस्त उपनगरांत ‘कशावरून?’ हा शब्द आजवर सर्वाधिक वेळा उच्चारणारी व्यक्ती आमच्याच घरात राहते आणि ती माझी सख्खी थोरली वहिनी आहे. पेशाने ती स्पीच थेरपिस्ट. उशिरा बोलणारी मुलं, अडखळणारे तरुण, अर्धांगाच्या झटक्यानंतर शब्द हरवून बसलेली म्हातारी माणसं तिच्याकडे येतात, आणि नीट बोलायला लागली की पहिला वाद बहुधा तिच्याशीच घालतात. तिला ते फार आवडतं.

या पेशात नोंदणी टिकवायची तर ठरावीक तास प्रशिक्षण घ्यावं लागतं. बाकीचे लोक ते तास कसेबसे भरतात. वहिनीचे कधीच भरून वाहू लागलेले असतात, तरी रविवार उजाडला की ही बाई डबा घेऊन निघाली अंधेरीला, नाहीतर मुलुंडला. पहिल्या रांगेत बसणार, आणि वक्त्याने काही ठामपणे सांगितलं रे सांगितलं की हिचा हात वर. माझ्या चुलत भावाच्या हळदीला ती एका कानात इयरफोन घालून कुठल्याशा बाईंचं व्याख्यान ऐकत होती. नवरदेवाच्या गालाला हळद लावता लावता एकदम म्हणाली, “याला काही आधार नाही.” तो बिचारा लग्न लागेपर्यंत गप्प होता.

घरातही सुटका नाही. आमच्या आईने आम्हा तिन्ही भावंडांच्या जिभेला लहानपणी वेखंड उगाळून लावलं होतं, आणि त्यामुळेच आम्ही इतके खणखणीत बोलतो अशी तिची श्रद्धा. वहिनी एकदा शांतपणे म्हणाली, “आई, तुम्ही तिघांनाही लावलंत. न लावलेला कोण आहे? तुलना कोणाशी करायची?” आईने तव्यावरचं घावन उलटलं आणि तितक्याच शांतपणे म्हणाली, “मग काय, उद्या तू येऊन विचारशील म्हणून एकाला मुका ठेवायचा होता?” वहिनीने यावर बराच विचार केला. मुद्दा बरोबर आहे, असं तिने कबूलही केलं.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग गेल्या वर्षी एका रविवारी ती मुलुंडहून आली आणि जेवलीच नाही. शिट्टी फुंका, फुगा फुगवा, मेणबत्ती विझवा, तोंडाचे स्नायू बळकट झाले की बोलणं सुधारतं, असं तिला कॉलेजात शिकवलं होतं आणि तेच ती एकोणीस वर्षं लोकांकडून करून घेत होती. पेशंट बघायच्या तिच्या खोलीत शिट्ट्यांचा एक मोठा डबाच होता. त्या दिवशी कार्यशाळेत बोलणाऱ्या मुलीने, ही मुलगी वहिनीच्या निम्म्या वयाची, पहिल्या रांगेकडे बघून विचारलं, “हे कशावरून?” पुढचे पंधरा दिवस तिने सापडतील ते सगळे अभ्यास वाचून काढले. निघालं ते एवढंच, की फुंकण्याने फुंकणं सुधारतं. बोलणं यायला बोलण्याचाच सराव लागतो.

तिच्याच पेशातल्या ओळखीच्या चौघांनी आपापले डबे गुपचूप माळ्यावर टाकले. वहिनीने जुन्या वह्या काढून फुंकायला लावलेल्या पेशंटांच्या नावांची यादी केली आणि मला म्हणाली, “भावजी, रविवारी तुमची स्कूटर रिकामीच असते ना?”

“कशाला?”

“माफी मागायला जायचंय.”

दादा म्हणाला, “अगं, पण कोणी तक्रार केली नाहीये.”

“म्हणूनच,” वहिनी म्हणाली.

असे आम्ही रविवारमागून रविवार फिरलो. मालाडच्या एका घरात तिने सगळं रीतसर सांगितल्यावर मुलाचे वडील म्हणाले, “मॅडम, तो आता दिवसभर फोनवर विमा विकतो. जरा जास्तच सुधारलाय. थोडं कमी करता येईल का?” कांदिवलीच्या आजींनी शिट्टी परत द्यायला साफ नकार दिला. आजोबा आतून पाणी मागायला तीच वाजवतात म्हणे.

खारदांड्याचं घर मात्र तिने शेवटी ठेवलं होतं. दोनदा आम्ही गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि दोन्ही वेळा तिला अचानक काहीतरी काम आठवलं. ही यादी संपेपर्यंत ती नवा पेशंट घेत नव्हती. तिसऱ्या खेपेला सिग्नलला थांबलो असताना ती मागून म्हणाली, “त्या बाई म्हणाल्या ना, पुन्हा तोंड दाखवू नका, तर मी खोली बंद करणार.” मी मागे वळून पाहिलं नाही.

घर एका कोळणीचं. नवरा समुद्रावर जाणारा. चार वर्षांपूर्वी झटका आला आणि वाचा गेली. सगळं समजायचं, शब्द मात्र येत नव्हता. वहिनीने सांगितलं म्हणून ही बाई बाजारातून आली की रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून त्याच्यासमोर बसायची. एक वर्ष. एक दिवस चुकला नाही. तो एका फुंकरीत पाच मेणबत्त्या विझवायला शिकला, आणि मग दोघांनी येणं सोडलं.

वहिनीने उभ्यानेच सांगितलं. बाईने हातातली टोपली खाली ठेवली.

“म्हंजे ते वरीस फुकट गेलं?”

“हो,” वहिनी म्हणाली. “तुमची चूक नाही. माझी.”

नवरा खाटेवर बसून दोघींकडे पाहत होता. मग बाई म्हणाली, “आनि हे सांगायला तू बोरिवलीवरून आलीस?”

“हो.”

“बस खाली. नवीन काय शिकलीस ते सांग.”

वहिनी बसली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने पेशंटला मोजून-मापून सांगितलं: सगळं परत येणार नाही, किती येईल ते मला माहीत नाही, पण इतक्या उशिराही थोडं येऊ शकतं, त्याला पुरावा आहे. मात्र शब्द त्यांचे हवेत, त्यांना रोज लागणारे, माझ्या पुस्तकातले नकोत. मग ती त्याच्याकडे वळली आणि विचारलं, “दादा, सगळ्यांत आधी काय बोलायचंय?”

त्याने चांगला हात उचलून बायकोकडे बोट केलं.

वहिनीने वही उघडली. “तुमचं नाव लिहिते,” ती बाईला म्हणाली. “उद्यापासून तेच घेऊ.”

“नाव नको गो बाय,” बाई एकदम बोलून गेली. “नावानं कवा हाक मारलीय त्यानं? ‘अगो’ शिकव. तेवढंच म्हनायचा तो.”